टोपलीतली बाई

टोपलीत बसणं हा माझा धंदा होता. कुणी बाई दळण दळते, कुणी मासळी विकते, मी टोपलीत बसायचे आणि नवरा बाहेरून तलवार खुपसायचा. ऐकणाऱ्याला वाटतं, यात मंत्रतंत्र असेल, देवीची कृपा असेल. तसलं काही नसतं. टोपली असते, बाई असते आणि बाईचा डावा पाय असतो, जो बसून बसून बधिर होतो. खेळ संपल्यावर लोक टाळ्या पिटायचे तेव्हा मी दोन पायांवर उभी दिसायचे, पण त्यातला एक पाय माझा नसायचा.

आम्ही गारुडी. माझ्या माहेरी नाग होते, सासरी टोपली. मला नाग बरे वाटायचे. नाग चावण्याआधी फणा तरी काढतो. माझ्या नवऱ्याच्या मनात काय चाललंय ते त्याच्या तोंडावर कधी उमटायचं नाही. खेळ करताना मात्र तेच तोंड असं काही फिरायचं की म्हातारी माणसंही पोट धरून हसायची. सगळं बोलणं तो रिंगणातच खर्च करून टाकायचा, घरी आणायला काही उरायचं नाही. इथं मी त्याला ‘तो’ म्हणते आहे. जिवंत होता तोवर ‘अवं’ म्हणूनच जन्म काढला. आता तो नाही, आणि मला अक्षरं आली आहेत. कर्जतला एका मास्तरांच्या घरी मी भांडी घासायला होते. त्यांची विधवा बहीण दुपारी कामं आटोपली की मला धुळपाटीपाशी बसवायची आणि माझं बोट धरून गिरवून घ्यायची. मला लिहिता यायला लागलं तेव्हा म्हणाली, आता स्वतःचं काहीतरी लिही. म्हटलं, माझ्याकडं सांगण्यासारखी एकच गोष्ट आहे. ती लिहिते.

दसरा झाला की आम्ही निघायचो. कर्जतचा बाजार, खालापुराकडची गावं, घाटाखालच्या जत्रा. कर्जत स्टेशनात घाट चढायच्या आधी आगगाडीला जादा इंजिन जोडत, तेवढ्या वेळात उतारू पाय मोकळे करायला खाली उतरत, आणि स्टेशनाबाहेर वाट्या-गोळ्यांचा खेळ मांडला तर त्यातले काही बघायला थांबत. उन्हाळ्यात नवरा एकटा माथेरानला चढायचा, तिथं साहेबलोक हवा खायला येत. पावसाळ्यात कशेळ्याजवळच्या एका गावात एका शेतकऱ्याच्या गोठ्यात आमचा मुक्काम असे. मी भातलावणीला जायचे. नवरा लावणीला निरुपयोगी. चिखलात हात घातले तर बोटं जाड होतील अशी त्याला भीती. शेतकऱ्याची बायको त्याला चिडवायची, “अवं गारुडी, मारा की मंतर, आन लावा एवढी खाचरं!” तो मान खाली घालून दोर वळत बसायचा.

टोपली बुरुडाकडून मुद्दाम विणून घेतलेली होती. लहानशा कणगीसारखी, पोट मोठं आणि तोंड बारीक. नवरा मला जाळ्यात बांधायचा, टोपलीच्या तोंडावर उभी करायचा आणि वर कांबळं टाकायचा. कांबळ्याखाली मी जाळं सोडवून आत उतरायचे आणि टोपलीच्या पोटाला कडेकडेनं अंग लावून वळून पडायचे, पातेल्यात शेवग्याची शेंग वळून बसते तशी. मधली जागा मोकळी राहायची. तिथं तो पाय घालून दणादणा आपटायचा. बघा मंडळी, आत कुणी नाय! आणि तेवढ्यात मी आतून खोकायचे. लोक दचकायचे. मग आमचं भांडण सुरू व्हायचं.

“अगं ए, शिंक्यातली सुकट कुनी खाल्ली?”

“मांजरीनं.”

“कुनाच्या मांजरीनं?”

“तुज्या आयशीनं पाळलेली हाय ना, तिनं!”

बायकांच्या बाजूनं हशा फुटायचा. एरवी मी नवऱ्याला अहोजाहो करायचे, खेळात मात्र अरे-तुरे. बायकांना तेच आवडायचं. मग तो खवळायचा, डमरू फेकायचा, तलवार उपसायचा. तलवार कसली, टोकाला घासलेली लोखंडाची पट्टी होती. पुढच्या रांगेतली म्हातारी हमखास उठायची, “अरं मारू नको रं तिला, लेकुरवाळी असंल!” तो ऐकायचा नाही. एका बाजूनं खुपसायचा, दुसऱ्या बाजूनं खुपसायचा. मी ओरडायचे, कुंकवाच्या पाण्यात भिजवलेली चिंधी पात्याला पुसायचे, मग गप्प व्हायचे. रिंगण चिडीचूप. मग त्यानं डमरू वाजवला की मी कांबळ्याखालून बाहेर. हा आमचा सगळ्यात चालणारा खेळ.

भांडण हे करमणुकीसाठी आहे असं सगळ्यांना वाटायचं. खरी गोम निराळी होती. कांबळ्याखाली मी उजवीकडं वळले की डावीकडं, डोकं कुठल्या बाजूला आलं, हे त्याला बाहेरून दिसायचं नाही. ते तो माझ्या आवाजावरून ओळखायचा. मी उत्तर दिलं की त्याला कळायचं, डोकं इथं आहे. मग तलवार तिथून लांब जायची. दर वेळी प्रश्न, दर वेळी उत्तर, मग वार. मी बोलल्याशिवाय तलवार चालवायची नाही, हा सासऱ्याच्या वेळेपासूनचा नेम होता.

दुसरा एक नेम होता. ठेवलेली वस्तू कुठं ठेवली ते एकमेकांना विचारायचं नाही. तो डमरू वाजवून लोकांना गुंगवायचा, तेवढ्यात मी कुणाची अंगठी कुणाच्या तरी मुंडाशात सारायचे. कुठल्या, ते त्याला ठाऊक नसायचं. ठाऊक असलं तर नजर आपोआप तिकडं जाते, आणि गारुड्याची नजर जिकडं जाते तिकडं लोकांची जाते. म्हणून शेवटपर्यंत विचारायचं नाही. अगदी शेवटी मी ज्याच्या मागं जाऊन उभी राहीन, त्याच्या मुंडाशाला त्यानं हात घालायचा. हे त्याच्या इतकं अंगवळणी पडलं होतं की घरात मिठाचं मडकं सापडलं नाही तरी तो मला विचारायचा नाही, आळणी जेवायचा.

आम्हाला एक मुलगी होती. नुकती धरून धरून चालायला लागली होती. खेळ चालू असला की तिची झोळी जवळच्या झाडाला बांधलेली असायची. मी टोपलीतून बाहेर आले की सगळी जत्रा तोंडावर हात ठेवायची, ती मात्र हात पुढं करून मला बोलवायची. आया टोपलीतूनच निघतात असं तिला वाटत असावं. नवरा तिच्या कानामागून वाटीतली गोळी काढून दाखवायचा. तिला त्याचंही नवल नव्हतं. ती गोळी घेऊन तोंडात घालायची, आणि तो घाबरून तिच्या तोंडात बोट घालून काढायचा. एवढा एकच प्रेक्षक त्याला कधी फसवता आला नाही.

त्या उन्हाळ्यात तो माथेरानला गेला होता आणि आम्ही दोघी कशेळ्याजवळच्या गोठ्यात राहिलो होतो. पोरीला ताप आला आणि पोट सुटलं. आसपास पटकीची बोलवा होती. शेतकऱ्याची बायको भली होती, पण तिच्याही घरात लहान मुलं होती. ती लांब उभी राहून म्हणाली, “पोरीला घिऊन पल्याड जा बाय. रागावू नको.” मी रागावले नाही. पेज नदीला तेव्हा घोट्याएवढंही पाणी नव्हतं. पलीकडं कातकऱ्यांची वाडी होती, तिथं एका बाईनं मला तिच्या खोपटात घेतलं. कसला तरी पाला वाटून दिला. नेरळकडं गवताची गाडी नेणाऱ्याकरवी मी नवऱ्याला निरोप धाडला.

पोर झोपेतच गेली. मी तिला पाणी पाजायला उचललं तेव्हा कळलं. कातकरीण म्हणाली, ऊन चढायच्या आत माती द्यायला हवी. लहान मुलाला पुरतात, जाळत नाहीत. तिनं आणि मी मिळून नदीच्या काठाला खड्डा केला, ती पहारीनं उकरायची आणि मी हातानं माती उपसायचे. वर दगड रचले, कोल्ह्यानं उकरू नये म्हणून. या सगळ्यात मला काही वाटलं नाही. हे लिहिताना लोक काय म्हणतील याची मला पर्वा नाही, नाही वाटलं. टोपलीत पाय जसा बधिर व्हायचा तशी मी सगळीच झाले होते. हाताला माती लागलेली दिसत होती, पण माती गार आहे की गरम ते कळत नव्हतं.

नवरा दुसऱ्या दिवशी डोंगर उतरून आला. तोवर मी अलीकडच्या गोठ्यात परत आले होते. त्यानं वाशाला टांगलेली रिकामी झोळी बघितली. निरोप काय होता आणि आता काय झालंय, ते त्याला कुणी सांगावं लागलं नाही. त्यानं खांद्यावरचं ओझं खाली ठेवलं.

“पानी हाय का?” म्हणाला.

मी दिलं. तो प्यायला. तांब्या पालथा घातला आणि बाहेर जाऊन बसला. मी वाट बघत राहिले, की आता येईल आणि विचारेल. तो आला तो जेवायला.

मग पाऊस लागला. पेज भरून वाहायला लागली, पलीकडं जायची सोय राहिली नाही. नदी नसती तरी मी गेले असते का, कुणास ठाऊक. मी लावणीला जात होते, वाकत होते, रोपं खोचत होते. एकदा बांधावरचं गवत कापताना विळा पायाला लागला. शेजारची बाई ओरडली तेव्हा मी खाली बघितलं, तर पाणी तांबडं झालेलं. घरी नवरा दोर वळत बसलेला असायचा. चार महिन्यांत वळलेल्या दोरांनी एखादी बैलगाडी बांधून झाली असती. माझ्याशी चकार शब्द नाही. ताट पुढं केलं की जेवायचा, उचललं की हात धुवायचा. शेतकऱ्याची बायको एकदा मला म्हणाली, “तुज्या दादल्याची वाचा गेली का काय गं?” मी म्हटलं, “वाचा हाय. दसऱ्याला परत येते.”

आणि तसंच झालं. दसऱ्यानंतर कर्जतच्या बाजारात पहिला खेळ मांडला. मी टोपलीत उतरले, वळले, आणि वरून त्याचा आवाज आला, “अगं ए, शिंक्यातली सुकट कुनी खाल्ली?” इतक्या दिवसांत त्यानं मला विचारलेली ती पहिली गोष्ट. मी म्हटलं, “मांजरीनं.” लोक हसले. आतमध्ये मी तोंडात पदर कोंबला, पण त्यालाही रडणं म्हणता येणार नाही.

मग रोज तेच. घरी, म्हणजे जिथं चूल पेटवू तिथं, दोघांच्या तोंडाला कुलूप. आणि खेळात कडकडून भांडण. खरं सांगते, मला त्या भांडणाची ओढ लागली. सुकटीवरून का होईना, तो माझ्याशी बोलत होता. एखाद्या दिवशी खेळ झाला नाही की मला चुकल्यासारखं व्हायचं. मी मुद्दाम उत्तरं लांबवायचे. मांजरीचा रंग सांगायचे, तिच्या पिल्लांची हकिकत सांगायचे. तो तेवढ्यास तेवढं बोलून तलवार उपसायचा.

मला काय हवं होतं? त्यानं ऊर बडवावा असं नाही. माझं सांत्वन करावं असंही नाही. ते त्याला जमलंही नसतं. एवढंच हवं होतं की त्यानं विचारावं, पोरीला कुठं ठेवलं. बापानं विचारायला नको? तो विचारत नव्हता तोवर ती पोर माझ्या एकटीची मेली होती. त्याचं जणू काही गेलंच नव्हतं. मी आपणहून सांगायला काय हरकत होती, असं मास्तरांची बहीण मला म्हणाली. हरकत काही नव्हती. पण मी सांगणार नव्हते. मी आयुष्यात कशासाठी हटून बसले असेन तर एवढ्याचसाठी.

महाशिवरात्रीला आम्ही खोपोलीला होतो. तिथं तळ्याकाठी महादेवाचं देऊळ आहे, मोठी जत्रा भरते. सकाळी मी तळ्याच्या पायरीवर टोपली पुसत होते, नवरा पलीकडं तलवारीला तेल लावत होता. बेलाची पानं विकायला बसलेली एक बाई माझ्याशी गप्पा मारायला लागली. कुठल्या गं तुम्ही, कुठं कुठं फिरता, असं विचारता विचारता म्हणाली, “पोरंबाळं किती?”

मी तोंड उघडायच्या आत नवरा बोलला.

“मूलबाळ नाय आमाला,” म्हणाला. आणि परत तेल लावायला लागला.

बाईनं च् च् केलं आणि दोन बेलाची पानं माझ्या हातात दिली, नवस बोल म्हणाली. मी ती पानं घेतली. तेव्हाही मला काही वाटलं नाही. फक्त एवढं कळलं की आज मला मांजरीची गोष्ट सांगायची नाही.

दुपारी रिंगण भरलं. वाट्या-गोळ्या झाल्या, अंगठी झाली, मग टोपली. त्यानं मला जाळ्यात बांधलं, कांबळं टाकलं. मी आत उतरले आणि वळले. त्यानं पाय आपटून दाखवले. माझं खोकणं आलं नाही. त्यानं थोडं थांबून स्वतःच डमरू वाजवला आणि विचारलं, “अगं ए, शिंक्यातली सुकट कुनी खाल्ली?”

मी गप्प.

“अगं ए बयो! सुकट!”

मी गप्प.

लोकांना वाटलं, खेळातलंच आहे. कुणीतरी ओरडलं, “रुसली रं तुजी बाय!” दुसरा म्हणाला, “सुकट खाऊन झोपली असंल!” हशा झाला. नवऱ्यानं एक-दोन कोट्या केल्या. तो टोपलीभोवती फिरत होता, त्याच्या पायांचा आवाज येत होता. मग त्यानं टोपलीच्या विणीवर नखानं टकटक केलं. ते खेळात नव्हतं. ते माझ्यासाठी होतं, की काय झालं, बोल. मी डोळे उघडे ठेवून पडून राहिले. विणीच्या फटीतून उजेडाचे ठिपके माझ्या दंडावर पडले होते, तेवढे बघत राहिले.

हसणं हळूहळू थांबलं. मागची माणसं म्हणायला लागली, चालव की तलवार, किती वाट बघायची. त्यानं तलवार उचलली. पात्याचं टोक विणीतून थोडंसं आत आलं, माझ्या मानेच्या वर, वीतभर अंतरावर. तिथंच थांबलं. त्याचा हात असा मधेच कधी थांबायचा नाही, त्या हातावर आमचं पोट होतं. मी मनात म्हटलं, खुपस. मरायची हौस होती असं नाही. खुपसलं काय आणि नाही काय, मला सारखंच वाटत होतं.

टोक मागं गेलं. पुढच्या रांगेतली एक म्हातारी म्हणाली, “अरं, तिला ईचार तं खरं काय झालं त्ये!”

मग कांबळं टोपलीवर दाबलं गेलं. तो खाली बसला होता. त्याचं तोंड विणीला लागलं असावं, कारण आवाज अगदी माझ्या कानाशी आला. खेळातला खडा आवाज नव्हता तो.

“पोरीला कुटं ठेवलंस गं?”

तो हळू बोलला होता, पण रिंगण एवढं चूप होतं की पुढच्यांनी ऐकलं. कुणीतरी मागच्याला सांगितलं, “आता पोर बी गायब केली म्हनं त्यानं!” आणि पुन्हा हशा उसळला. त्यांना वाटलं, नवीन सोंग.

त्या हशातच मी उत्तर दिलं. “अवं,” मी म्हटलं. रिंगणात मी त्याला कधी अवं म्हणत नव्हते. “अवं, पेजेच्या पल्याड. कातकऱ्यांच्या वाडीखाली. उंबराच्या जरा अलीकडं.”

तो उठला. आणि तलवार आत आली. माझ्या डोक्यापासून लांब, अगदी बरोबर, जिथून यायला हवी तिथून. मी सवयीनं ओरडले. मग दुसऱ्या बाजूनं. मी चिंधी पात्याला पुसली. डमरू वाजला आणि मी कांबळ्याखालून बाहेर आले. लोकांनी एवढ्या टाळ्या कधी वाजवल्या नव्हत्या. म्हातारीनं माझ्या तोंडावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली.

मी डाव्या पायाला मुंग्या येईपर्यंत उभी होते आणि माझ्या मनात एकच चाललं होतं. यानं विचारलं ते विचारायचं म्हणून, की माझं डोकं कुठं आहे ते कळावं म्हणून? तो गारुडी होता. बाईला बोलती करायला काय बोलावं लागेल हे त्याला न कळण्याइतका तो खुळा नव्हता. महिनोन् महिने ज्या प्रश्नाची मी वाट बघितली, तो त्यानं खेळ पुरा करायला वापरला असेल, तर माझ्या हातात काहीच उरलं नव्हतं. मला पहिल्यांदा भीती वाटली. पोर गेली तेव्हा नव्हती वाटली, ती तेव्हा वाटली.

त्यानं लोकांनी टाकलेले तांदूळ कांबळ्यात गोळा केले, टोपली डोक्यावर घेतली आणि चालायला लागला. ठरल्याप्रमाणं आम्हाला खालापूरवरून कुंभिवलीकडं जायचं होतं, तिथं दुसऱ्या दिवशी खेळ होता. तळ्यापासून वाट फुटते तिथं तो थांबला नाही, मागं वळून बघितलं नाही. कर्जतच्या वाटेला लागला. मी त्याच्यामागून गेले.

कर्जतला एका वडाखाली पथारी टाकली आणि सकाळी पुढं निघालो. कशेळ्याच्या वाटेवर ऊन चांगलंच चढलं होतं. तो पुढं, मी मागं, टोपली त्याच्या डोक्यावर. बोलला तो मागं न बघता.

“कळलं असतं तं नजर सारखी तिकडंच गेली असती,” म्हणाला. “खेळ जमला नसता.”

मला एवढा संताप आला की मी वाटेत उभीच राहिले. पोरगी म्हणजे काय वाटीखालची गोळी होती? कुणाच्या मुंडाशातली अंगठी होती, की कुठं ठेवली ते विचारायचं नाही? मी हे सगळं त्याला म्हटलं, मोठ्यानं, रस्त्यात. गाडीवाला एकजण बैल थांबवून ऐकत होता. नवरा टोपली खाली ठेवून उभा राहिला आणि सगळं ऐकून घेतलं. मला वाटलं, आता काहीतरी म्हणेल. तो म्हणाला, “मला दुसरं काय येतंय गं?” मग टोपली उचलली. खरंच, त्याला दुसरं काही येत नव्हतं. लहानपणापासून कुणी शिकवलंच नव्हतं. माझा संताप उतरला नाही, पण पाय चालायला लागले.

पेज आटली होती. गोटे उघडे पडले होते, मधे मधे डबकी. आम्ही पलीकडं गेलो. वाडी रिकामी होती. कातकरी दिवाळी झाली की कोळशाच्या भट्ट्यांवर कामाला जातात ते उन्हाळ्याच्या शेवटी परततात, माझ्याबरोबर खड्डा उकरणारी बाईही गेली होती. मी नदीकडं उतरले आणि उंबर शोधायला लागले.

उंबर नव्हता. पुरानं काठच खाल्ला होता. जिथं मऊ माती होती तिथं आता गोट्यांचा पट्टा पसरला होता, लांबच लांब, सगळे एकसारखे. मी रचलेले दगड त्यातलेच कुठले तरी. मी वाडीकडं तोंड करून उभी राहिले, मग डोंगराकडं. त्या दिवशी काय काय दिसत होतं ते आठवायला गेले, तर त्या उंबराशिवाय काहीच आठवेना. त्या दिवशी मी बघितलंच नव्हतं. डोळे उघडे होते, पण मी बघत नव्हते.

“हितं?” नवऱ्यानं विचारलं.

“हितंच कुटंतरी.”

तो माझ्याकडं बघत राहिला. जिथं माझी नजर जाईल तिथं त्याची जात होती. मी नजर एका जागी ठेवायचा प्रयत्न केला, पण ती ठरत नव्हती. शेवटी त्यानं टोपली खाली ठेवली आणि एका जागी जाऊन बसला, वळणाच्या जवळ, जिथं काठ थोडा उंच राहिला होता. मला वाटलं, तिथं नाही, जरा खाली होतं. मी खाली जाऊन बसले. दोघांच्या मधून एखादी गाडी गेली असती.

“रडली का गं?” त्यानं तिथूनच विचारलं.

“नाय. झोपेतच गेली.”

त्यानं मान हलवली. हातातल्या गोट्यावरून तो बोट फिरवत होता. गोटा त्यानं मुठीत घेतला, पण नेहमीसारखा नाहीसा केला नाही, परत खाली ठेवला. मला तेव्हा रडू आलं. कुणी बघत नव्हतं म्हणून असेल, किंवा तो बघत होता म्हणून. मी बरीच रडले. तो उठून माझ्याजवळ आला नाही, आणि मीही त्याच्याकडं गेले नाही. आम्ही दोघंही जागा सोडायला तयार नव्हतो. नक्की कुठं ते दोघांनाही ठाऊक नव्हतं. पण दोघांपैकी एक जण तरी तिच्याजवळ बसला असेल.